गणपतराव जोशी यांचा चंद्रसेन

सप्तशृंगगडाच्या पायथ्याचे वणी गाव सोडून पश्चिमेस सुरगाणा-पेठच्या डोंगराकडे वळले, की होळीनंतरच्या दिवसांत गावोगावी बोहाडा पाहावयास मिळतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर एकेक सोंग येते. गणपती येतो, सरस्वती येते, नृसिंह येतो, रावण येतो. लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा भला थोरला मुखवटा तोंडावर बांधून गावचाच कोणी शेतकरी नाचत असतो. लोक हात जोडतात ते मुखवट्याला. मुखवट्याआडचा माणूस कोण, याची चौकशी होत नाही. तोही ती सांगत बसत नाही. सकाळी तो आपल्या शेतावर जातो आणि मुखवटा आपल्या जागी परत ठेवला जातो. काल नृसिंह फार चांगला नाचला, असे आम्ही एकदा एका वृद्ध गृहस्थास म्हटले, तेव्हा त्याने सहज उत्तर दिले, “नाचवणारा तो आहे, सायेब; आपलं नुसतं अंग.”

हे उत्तर आम्हांस पुष्कळ दिवस पुरले. कारण ज्या कलेत नट म्हणजे नुसते अंग, त्या कलेत नटाचे चरित्र संभवत नाही. मुखवटा काढून, स्वतःच्या उघड्या चेहऱ्याने लोकांपुढे उभा राहणारा, आणि ज्याला पाहण्यासाठी लोक पैसे देऊन येतात असा नट महाराष्ट्रात निर्माण झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्या नव्या जातीच्या मनुष्यांत जे अग्रेसर झाले त्यांपैकी एक म्हणजे शाहूनगरवासी नाटक मंडळीचे गणपतराव जोशी. त्यांचा जन्म १८६७ मधला, आणि मृत्यू १९२२ मधला. ‘नटसम्राट’ ही पदवी त्यांच्या नावामागे लोकांनी लावली आणि ती चिकटून राहिली. त्यांच्या आयुष्याचा व कलेचा थोडासा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

प्रारंभीच एक अडचण कबूल केली पाहिजे. कवी मरतो, त्याची कविता राहते. चित्रकाराचे चित्र राहते. राज्यकर्त्याची कागदपत्रे तरी दप्तरात सापडतात. नटाचे काय राहते? मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ निघाला तो १९३२ साली, म्हणजे गणपतरावांच्या पश्चात दहा वर्षांनी. ध्वनिमुद्रिकांचे युग त्यांच्या हयातीत सुरू झाले होते. परंतु त्या मुख्यतः गाण्यांच्या निघत, आणि गणपतराव तर गद्य नट. तेव्हा ज्यांनी त्यांना पाहिले त्यांच्या आठवणी, आणि ज्या नाटकांत ते उभे राहिले त्या नाटकांच्या संहिता, एवढेच साहित्य आपल्या हाती उरते. आम्ही त्यांना पाहिलेले नाही. आज हयात असलेल्या कोणीच पाहिलेले नाही. तथापि ज्या मेळातून त्यांची कला उभी राहिली तो मेळ इतिहासाला दिसतो, आणि तो मोठा बोधप्रद आहे.

मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस केलेल्या ‘सीता स्वयंवरा’च्या प्रयोगापासून मानतात. त्या नाटकांत सूत्रधार पदे म्हणे, आणि पात्रे बहुतांशी त्याला अनुसरून हावभाव करीत व ऐन वेळी सुचतील ती भाषणे बोलत. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे लिखित, स्वतंत्र व ऐतिहासिक गद्य नाटक आले. नटाने लेखकाचे शब्द पाठ करावे आणि त्यांना आपला जीव द्यावा, ही कल्पना हळूहळू रुजू लागली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचा प्रचंड ओघ सुरू झाला. त्याच सुमारास साताऱ्याची, म्हणजे शाहूनगरची, ही गद्य मंडळी पुढे आली. सारे जग सुरांच्या मागे धावत असता नुसत्या बोलण्याच्या बळावर प्रेक्षक खेचून आणावयाचा, असा तिचा हट्ट होता. गणपतराव लहान वयातच तिच्यात आले, आणि पुढे मंडळी व गणपतराव ही दोन नावे लोकांच्या तोंडी एकच होऊन गेली.

गणपतराव ज्या वर्षी जन्मले त्याच १८६७ मध्ये महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’चे भाषांतर प्रसिद्ध झाले, हा योगायोग मनोरंजक आहे. शेक्सपीअर मराठीत उतरू लागला आणि त्याला उभा करणारा नटही त्याच वर्षी पाळण्यात पडला. पुढे गोविंद बल्लाळ देवलांनी याच नाटकावरून १८९० मध्ये ‘झुंझारराव’ रचले. प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून ‘त्राटिका’ केले. परंतु गणपतरावांच्या कीर्तीचा कळस ज्या नाटकाने चढला ते मात्र एका तुरुंगात लिहिले गेले.

कोल्हापूरच्या दिवाणांसंबंधीच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर या दोघांना शिक्षा झाली, आणि १८८२ मध्ये एकशे एक दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्या बंदिवासात गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे भाषांतर केले. १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. डेन्मार्कचा राजपुत्र तेथे चंद्रसेन झाला. आगरकरांचे वय त्या वेळी सव्वीस वर्षांचे होते. पुढील आयुष्यात ते इतके वादग्रस्त झाले, की त्यांचे हे नाटक लोक त्यांच्या निबंधांच्या सावलीत विसरून गेले. परंतु रंगभूमीवर ते विसरले गेले नाही, याचे श्रेय गणपतरावांकडे जाते.

येथे थोडे थांबून हा मेळ किती विलक्षण होता ते पाहिले पाहिजे. एकीकडे नव्या इंग्रजी विद्येचे पदवीधर. त्यांनी शेक्सपीअर वर्गात वाचलेला, टीपांसह घोकलेला, परीक्षेत लिहिलेला. दुसरीकडे नाटकवाले. त्या काळी नाटकवाला म्हटला की सभ्य गृहस्थ मुलीला दारामागे घेत आणि मुलाला त्याच्या बिऱ्हाडाकडे फिरकू देत नसत. गणपतराव कोणत्याही महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. तरीही केळकरांसारखा प्राध्यापक आपला मान बाजूस ठेवून या मंडळीच्या तालमींत जाऊन बसला. वाक्य कोठे तोडावे, आशय कोणता, पात्राचे मन कसे, हे नटांना समजावून देऊ लागला. विद्येने रंगभूमीच्या दारी जावे असा प्रसंग आमच्या इतिहासात फार वेळा आला नाही. तो आला तेव्हा त्यातून काय निष्पन्न झाले याचे गणपतराव हे प्रमाण होत.

परंतु प्राध्यापकाने समजावून दिले म्हणून नट मोठा होतो, असे मानणे हा आम्हा प्राध्यापकांचा भ्रम आहे. ‘हॅम्लेट’ महाराष्ट्राच्या मनात शिरले त्याची कारणे खुद्द महाराष्ट्राच्या घरात होती. आम्ही कैक वर्षे हे नाटक इंग्रजीतून शिकविले. पहिला अंक, पिशाचाचा प्रवेश. त्यावर टीप अशी, की एलिझाबेथकालीन इंग्लंडात भुताविषयी अमुक अमुक समजुती होत्या. एका वर्षी वर्गातल्या एका मुलाने, बोहाड्याच्या मुलखातल्याच, विचारले, “सर, त्या राजाचं दहावं नीट झालं नव्हतं काय?” वर्ग हसला. आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र आमच्या ध्यानात आले, की आमच्या सर्व टीपांपेक्षा त्या मुलाचा प्रश्न नाटकाच्या अधिक जवळ होता. तो राजा अंत्यसंस्काराविना, पापाची कबुली न देता, झोपेत मारला गेला, हीच तर त्याच्या पिशाचाची तक्रार आहे. पिंडाला कावळा शिवला नाही तर ज्यांच्या घरात चूल पेटत नाही, त्या प्रेक्षकांना बापाचा अतृप्त आत्मा म्हणजे काय हे कोणी सांगावयास नको होते.

दुसरे कारण याहून तीव्र आहे. चंद्रसेनाचे दुःख नुसते बापाच्या खुनाचे नाही. आईने थोड्याच दिवसांत दिरापाशी संसार मांडला, हे त्याचे खरे शल्य. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता. परंतु कायदा झाला म्हणजे घर बदलते असे नाही. पुढची कित्येक दशके हा प्रश्न महाराष्ट्रात घराघरांतून भाऊबंदकी, बहिष्कार व भांडणे पेटवीत होता. ज्या प्रेक्षागृहात सुधारक व सनातनी शेजारी शेजारी बसलेले, त्या प्रेक्षागृहात पुत्र आईला तिच्या दुसऱ्या लग्नाचा जाब विचारतो, हा प्रसंग केवळ परकीय नाटकातला प्रसंग राहूच शकत नव्हता. त्यात भाषांतरकार कोण, तर आगरकर. विधवांच्या पुनर्विवाहाचा जन्मभर कैवार घेतलेला पुरुष! आपल्या मताच्या नेमक्या उलट बाजूची वेदना त्याने आपल्या हाताने, सर्व शक्तीनिशी मराठीत उतरविली. आगरकरांच्या बुद्धीचा प्रामाणिकपणा आम्हांस त्यांच्या कोणत्याही निबंधाइतकाच या भाषांतरात दिसतो. आणि ज्या नटाला ही वेदना बोलून दाखवावयाची होती, त्याच्यापुढे कठीण पेच होता. आईचा निव्वळ धिक्कार केला तर सनातनी टाळ्या वाजवतील आणि नाटक मरेल. निव्वळ हळहळ दाखविली तर चंद्रसेन मरेल. धिक्कार व माया एकाच श्वासात आली पाहिजेत. एका पिढीने चंद्रसेन आणि गणपतराव यांत भेद मानला नाही, तेव्हा तो श्वास त्यांना साधला असला पाहिजे, असा निष्कर्ष काढण्यावाचून गत्यंतर नाही.

असाच एक प्रसंग दुसऱ्या देशात घडलेला आहे. तो वाचकांपुढे ठेवल्यास गणपतरावांचे स्थान अधिक स्पष्ट होईल. रशियात मॉस्को येथे पावेल मोचालोव्ह नावाचा नट होऊन गेला. जन्म १८००, मृत्यू १८४८. त्याचा बापही नट होता, आणि तो मूळचा एका जमीनदाराच्या पदरचा दास. त्या काळी रशियातील उमराव आपल्या दासांचीच नाटक मंडळी बाळगीत. १८१७ मध्ये पावेल रंगभूमीवर आला. २२ जानेवारी १८३७ रोजी, निकोलाय पोलेवोय याने केलेल्या भाषांतरातून, त्याने हॅम्लेटची भूमिका केली. काळ मोठा कोंडीचा होता. १८२५ चे डिसेंबरवाल्यांचे बंड चिरडले गेले होते. झार निकोलसच्या राज्यात विचारी माणसाला बोलावयास जागा नव्हती. या प्रयोगानंतर सातच दिवसांनी द्वंद्वयुद्धातील जखमेने पुश्किन मरण पावला. ज्यांना काही करावेसे वाटते आणि करता येत नाही, अशा एका पिढीला डेन्मार्कचा राजपुत्र आपलाच वाटला. पोलेवोयने राजपुत्राच्या तोंडी मनुष्यजातीविषयीच्या भयाचे एक वाक्य आपल्या पदरचे घातले होते. मूळ शेक्सपीअरमध्ये ते नाही. परंतु मोचालोव्हच्या तोंडून ते ऐकताना सभागृह थरारून जाई.

मोचालोव्हला एक भाग्य लाभले, ते म्हणजे बेलिन्स्की. या तरुण टीकाकाराने मोचालोव्हचा हॅम्लेट पुन्हा पुन्हा जाऊन पाहिला, आणि १८३८ मध्ये त्यावर एक प्रदीर्घ निबंध लिहिला. कोणत्या रात्री कोणते वाक्य कसे आले, नाटकातल्या नाटकाच्या प्रवेशात राजा उठून जाताच नट कसा झेपावला, कोणत्या रात्री तो फिका पडला, हे सारे त्यात नोंदलेले आहे. त्यामुळे दोनशे वर्षांच्या उंबरठ्यावरही मोचालोव्ह पुरता मेलेला नाही. त्याचे दोषही आपल्याला त्यातूनच कळतात. पीटर्सबर्गचा करातिगिन हा त्याचा समकालीन नट रेखीव, घोटलेला, प्रत्येक रात्री सारखाच. उलट मोचालोव्ह वाऱ्यासारखा. स्फूर्ती आली तर अंगावर काटा उभा करील. न आली तर अंकच्या अंक पडतील. बेलिन्स्कीने हे लपविले नाही. नटाची थोरवी त्याच्या उणिवांसकट सांगणे, हाच त्याला अमर करण्याचा मार्ग आहे, हे त्याने ओळखले होते.

मराठीला असा बेलिन्स्की लाभला नाही. आमच्याकडे गणपतरावांविषयी लिहिले गेले ते बहुधा गौरवाचे. गौरवात मनुष्य मोठा दिसतो, पण हलताना दिसत नाही. म्हणून आम्हांला त्यांच्या भूमिकांच्या यादीवरूनच काही अनुमान करावे लागते. आणि ती यादी सामान्य नाही. चंद्रसेनाचा अंतर्मुख संशय, ‘झुंझारराव’मधला सरळ, विश्वासू व म्हणूनच भयंकर असा क्षोभ, ‘त्राटिके’तल्या प्रतापरावाचा धसमुसळा विनोद, आणि या सर्वांच्या पलीकडे, वासुदेव रंगनाथ शिरवळकरांच्या नाटकातला देहूचा तुकाराम. संशयी राजपुत्र आणि निःसंशय भक्त हे दोन टोकांचे पुरुष एकाच शरीरात नांदविणे हे केवळ आवाजाचे काम नव्हे. त्यांच्या समोर बाळाभाऊ जोग नायिका होऊन उभे राहत. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे स्त्रीभूमिका पुरुषच करीत. त्राटिका व प्रतापराव यांची झटापट पाहण्यास माणसे लोटत ती या दोघांच्या जोडीसाठी. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’ व ‘कांचनगडची मोहना’ ही आरंभीची गद्य नाटकेही याच मंडळीने रंगभूमीवर आणली. त्यांपैकी पहिल्यात खाडिलकरांनी हॅम्लेटचे मन पेशव्याच्या गादीवर बसविले आणि इयागोची कुटिलता पुण्याच्या वाड्यात आणली. चंद्रसेन उभा करणारी मंडळी समोर नसती, तर तरुण खाडिलकरांनी असे धाडस केले असते काय, असा प्रश्न आम्हांला पडतो. नट लेखकाला घडवितो तो असा.

आता गणपतरावांच्या परंपरेवर येणाऱ्या आक्षेपाचाही विचार केला पाहिजे. ‘राणा भीमदेवी थाट’ हा वाक्प्रचार मराठीत सर्वांना ठाऊक आहे. पोकळ वल्गना करणाऱ्या पुढाऱ्याला आपण तो लावतो. हा राणा भीमदेव म्हणजे शिरवळकरांच्याच त्या नावाच्या नाटकाचा नायक. आणि ते नाटक याच मंडळीचे. तेव्हा नव्या पिढीने सहजच असा समज करून घेतला, की जुने गद्य नट म्हणजे छाती पुढे काढून गर्जना करणारे लोक, आणि गणपतराव त्यांचे राजे. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणली, आणि बैठकीच्या खोलीत माणसे जशी बोलतात तसे बोलणे हाच अभिनय, असे मत रूढ होऊ लागले. त्या मापाने मोजले तर जुना सारा अभिनय आक्रस्ताळी ठरतो.

हा न्याय आम्हांला मान्य नाही. ध्वनिक्षेपक नव्हते, विजेचे दिवे नव्हते. गावोगावची नाटकगृहे म्हणजे पुष्कळदा पत्र्याचे मांडव. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चाले. पुढे गालिच्यावर सरदार व वकील, मागे पिटात बाजारकरी व हमाल. मुले रडत आहेत, कोणी विडी ओढीत आहे. त्या शेवटच्या माणसापर्यंत प्रत्येक शब्द पोहोचविणे ही नटाची पहिली जबाबदारी होती, कारण त्यानेही पैसे मोजलेले असत. संगीत नटाला हे सोपे जाई. सूर आपल्या पंखांनी उडतो. भाऊराव कोल्हटकरांसारखा गंधर्व एक पद म्हणे, ‘वन्स मोअर’ येई, तो पुन्हा म्हणे, पुन्हा जिंकी. गद्य नटाला वन्स मोअर नाही. वाक्य एकदा बोलले की बोलले. ते चुकले तर परत आणता येत नाही. अशा स्थितीत आवाज मोठा असणे हा दोष नव्हे, ती अट होती. प्रश्न एवढाच, की त्या मोठ्या आवाजात माणूस होता की नव्हता. ज्या प्रेक्षकांनी भीमदेवाची गर्जना ऐकली त्यांनीच चंद्रसेनाचे स्वगत निःशब्द बसून ऐकले. गर्जनेवर टाळी घेणे सोपे. स्वगतात पत्र्याच्या मांडवाला गप्प बसविणे कठीण. या दुसऱ्या परीक्षेत गणपतराव वर्षानुवर्षे उतरले, ही गोष्ट ‘राणा भीमदेवी’ हा शब्द उच्चारताना आपण विसरतो. उपहासाचे शब्द टिकाऊ असतात. इतिहासलेखकाने त्यांच्यावर विसंबून राहू नये.

याहून अधिक बोचणारी गोष्ट निराळी आहे. मोचालोव्हनंतर रशियात काय झाले ते पाहावे. मॉस्कोचे माली थिएटर १८२४ पासून उभे होते, आणि ते तसेच चालू राहिले. दास म्हणून जन्मलेल्या श्चेपकिनने तेथे साध्या, खऱ्या अभिनयाचे शिक्षण पुढील पिढीला दिले. तो वारसा घेऊन स्तानिस्लाव्हस्कीने १८९८ मध्ये आर्ट थिएटर स्थापिले. मोचालोव्हला जे स्फूर्तीच्या लहरीवर सापडे, ते प्रत्येक नटाला प्रयत्नाने कसे सापडेल याचा स्तानिस्लाव्हस्कीने आयुष्यभर शोध केला आणि ते शास्त्र लिहून ठेवले. विजेसारखा नट, त्याचे मर्म लिहून ठेवणारा टीकाकार, त्या मर्माचे शिक्षण करणारा गुरू, आणि ते सर्व सांभाळणारी वास्तू, अशी साखळी तेथे जुळली.

आमच्याकडे तेच १८९८ हे वर्ष ‘कांचनगडची मोहना’चे. वीज आमच्याकडेही चमकली होती. विद्वान व नट एकत्र बसले होते; भाषांतर होते, नाटककार होते, प्रेक्षक होते. नव्हती ती साखळी. नाटक मंडळी म्हणजे फिरते बिऱ्हाड. मालक, कर्ज, पडदे व पेट्या यांवर तिचे आयुष्य. एक मोठा नट थकला की मंडळी थकली, तो गेला की मंडळी विखुरली. गद्य नाटकाचा झेंडा पुढे १९०४ मध्ये निघालेल्या महाराष्ट्र नाटक मंडळीने उचलला आणि १९०७ मध्ये ‘कीचकवध’ करून तो उंचही नेला. परंतु सरकारने त्या नाटकावर बंदी घातली, आणि मराठी प्रेक्षकाचे मन तोवर पुरते सुरांच्या हाती गेले होते. नटाच्या शिक्षणासाठी दिल्लीस राष्ट्रीय नाट्य विद्यालय निघाले ते १९५९ मध्ये, म्हणजे गणपतरावांच्या मृत्यूनंतर सदतीस वर्षांनी. मधल्या काळात प्रत्येक नटाने अभिनयाचा श्रीगणेशा पुन्हा नव्याने गिरविला. यात नटांचा दोष नाही. ज्या सुशिक्षित वर्गाने गणपतरावांना टाळ्या दिल्या आणि घरी जाऊन आपल्या मुलांना नाटकवाल्यांपासून दूर ठेवले, त्या वर्गाचा, म्हणजे आमचा, हा दोष आहे.

तथापि परंपरा अगदीच तुटते असेही नाही. ती अनपेक्षित ठिकाणी उगवते. वणीहून फार दूर नसलेल्या पिंपळगाव बसवंत येथे वि. वा. शिरवाडकरांचे बालपणीचे शिक्षण झाले. गणपतराव वारले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. मोठेपणी नाशकास राहून त्यांनी शेक्सपीअरशी जन्मभर संवाद चालविला. ‘मॅकबेथ’वरून त्यांनी केलेले ‘राजमुकुट’ १९५४ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातील नायक नानासाहेब फाटक झाले. पुढे २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदु असोसिएशनने शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ सादर केले. नायकाची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली. त्या नाटकाचा नायक शेक्सपीअरच्या भूमिका गाजवून निवृत्त झालेला वृद्ध नट आहे, आणि त्याचे नाव गणपतराव. आडनाव बेलवलकर, कथा लिअरची आणि काळ नवा. तेव्हा हे शाहूनगरवासीच्या गणपतरावांचे चरित्र आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु नटसम्राट, शेक्सपीअर आणि गणपतराव हे तीन शब्द एकत्र आले, की ज्यांना मागचा इतिहास ठाऊक आहे त्यांच्या कानात एक जुना आवाज घुमल्यावाचून राहत नाही. त्या नाटकातला म्हातारा नट घर मागत फिरतो. आमच्या रंगभूमीच्या इतिहासात नटाला घर मिळाले नाही, हे शिरवाडकरांनी एका कुटुंबाच्या गोष्टीतून सांगितले, असे आम्हांला ते पाहताना वाटले.

आता आम्ही वर्गात ‘हॅम्लेट’ शिकविताना प्रथम आगरकरांचे भाषांतर उघडतो. मुलांपैकी एकाला उभे करून पिशाचाचा प्रवेश मराठीतून मोठ्याने वाचावयास सांगतो, आणि मग मूळ इंग्रजीकडे वळतो. ज्या मुलाने दहाव्याचा प्रश्न विचारला होता त्यालाच आम्ही पहिल्यांदा उभे केले. तो अडखळत वाचू लागला. पण बाप आपल्या मृत्यूची हकीकत सांगतो तेथे त्याचा आवाज आपोआप खाली आला, आणि ज्या वर्गाने पूर्वी त्याला हसून घेतले होते तो वर्ग गप्प झाला. त्याला कोणी शिकविले नव्हते. त्याने गणपतराव जोशी हे नावही ऐकले नव्हते. बोहाड्यातला वृद्ध म्हणाला असता, की नुसते अंग याचे. आम्ही मात्र तास संपल्यावर फळ्यावर दोन साले लिहिली, १८६७ आणि १९२२, आणि त्या दोहोंमध्ये कोण होऊन गेला ते मुलांना सांगितले.